शेवटच्या पानाच्या तळाशी

पेपरच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते. हे वृत्तपत्र अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून या या पत्त्यावरून प्रसिद्ध केले, संपादक हे, फोन नंबर हा. तिच्या शेजारी बहुतेक वेळा दुसरी ओळ असते: प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही. पेपरवाले त्या पहिल्या ओळीला प्रिंट लाइन म्हणतात. अठ्ठावीस वर्षांत मी ती कधी पूर्ण वाचली नव्हती. तुम्हीही वाचली नसेल. गेल्या पावसाळ्यात वाचली आणि तेव्हापासून बातमी म्हणून जे काही समोर येतं, त्याच्या तळाशी आधी बघायची खोड लागलीय.

मी ओरोसला राहतो. कागदोपत्री सिंधुदुर्गनगरी. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झालेला आमचा जिल्हा आणि त्याचं मुख्यालय म्हणून वसवलेलं हे गाव. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, कोर्ट, एसपी ऑफिस, सगळं हाकेच्या अंतरावर. नोकरी पुण्यातल्या एका कंपनीत, पण कोविडपासून बहुतेक काम घरूनच. कामाचं स्वरूप सांगून ठेवतो, कारण ते पुढे लागणार आहे. मी नोटिफिकेशनच्या टीममध्ये आहे. तुमच्या फोनवर कोणती घंटी कधी वाजवायची हे ठरवणारा जो कोड असतो, त्यातला एक तुकडा माझा.

तर गेल्या जुलैतली गोष्ट. दोन दिवस पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. सकाळी एका ग्रुपवर व्हिडिओ आला. पुलावरून लाल पाणी धो धो वाहतंय, एक दुचाकी अडकलीय, खाली लिहिलंय, ‘रस्ता बंद, प्रवास टाळा’. आमच्या मालवण रस्त्यावरच्या पुलाचं नाव होतं. मी तो तसाच उचलून फॅमिली ग्रुपवर टाकला. काळजीपोटीच टाकला. माझा मामा आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी ओरोसला येतो. तो रिक्षाने निघाला होता, मेसेज बघून अर्ध्या वाटेवरून परत फिरला. दुसऱ्या दिवशी त्याचे पाय सुजले, संध्याकाळपर्यंत धाप लागायला लागली आणि रात्री धावपळ करून त्याला आणावं लागलं. निभावलं.

पूल पूर्ण वेळ चालू होता. व्हिडिओ जुना होता, आणि तो पूल आमच्या जिल्ह्यातला तरी होता की नाही, देव जाणे. मामी मला काही बोलली नाही, ते जास्त लागलं. मामाने एवढंच विचारलं, “पेपरात इला काय ता?”

घरी येऊन मी त्या दिवसाचा आणि आदल्या दिवसाचा पेपर काढून बसलो. पुराची बातमी नव्हती. पूर आलाच नव्हता, तर बातमी कुठून असणार? पान उलटत उलटत शेवटी त्या मुंगीएवढ्या ओळीपाशी पोचलो. नाव, पत्ता, फोन नंबर. मग फोन उघडून तो व्हिडिओ पुन्हा बघितला. त्याच्या तळाशी काय होतं? काहीच नाही. वर दोन बाण होते, पुष्कळ वेळा फॉरवर्ड झाल्याची खूण. म्हणजे हा खूप हातांतून आलाय एवढं कळत होतं. पहिला हात कुणाचा, हे कळायची सोय नव्हती. शेवटचा हात मात्र माझा होता.

मामाचं निभावलं. राईनपाड्यात निभावलं नव्हतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या त्या गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांना जमावाने मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज तेव्हा फोनाफोनांतून फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. इंजिनियर म्हणून मला तो उपाय ओळखीचा वाटतो. आम्ही वेग कमी करतो. ‘हे कोण म्हणतंय’ या प्रश्नाला हात लावत नाही.

आणि माझं म्हणणं तेवढंच आहे. पत्रकारितेवरच्या संकटाबद्दल बोलताना खप घटला, कागद महागला, तरुण वाचत नाहीत, रील्सनी वाट लावली, अशी यादी वाचली जाते. यादी खोटी नाही. पण कागद जाऊन काच आली म्हणून माझं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते तळाची ओळ गळून पडली म्हणून. मजकूर कागदावरून फोनवर आला, जबाबदारी मागेच राहिली.

या ओळीचा इतिहास काही फार सात्त्विक नाही. १८६७ च्या कायद्याने इंग्रजांनी प्रत्येक छापील कागदावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव सक्तीचं केलं, ते वाचकाच्या प्रेमापोटी नव्हे. कुणाला धरायचं ते कळावं म्हणून. आणि धरलंही. १८८२ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी कोल्हापूरच्या दिवाणावर आरोप करणारी पत्रं छापली. ती पत्रं बनावट निघाली. आगरकर आणि टिळक या दोन्ही संपादकांना शिक्षा झाली आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. शाळेत हा प्रसंग आपल्याला त्यागाची गोष्ट म्हणून शिकवतात. मला आता तो वेगळा दिसतो. ती चुकीची बातमी होती. आजच्या भाषेत त्यांनी फेक डॉक्युमेंट व्हायरल केलं होतं. फरक इतकाच की तळाशी नाव होतं आणि नाव असलेली माणसं तुरुंगात गेली. पुढची कित्येक वर्षं लोकांनी त्यांचा पेपर विश्वासाने वाचला त्यात या हिशेबाचाही वाटा असणार.

१८६७ चा कायदा आता गेला. त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला आणि १ मार्च २०२४ पासून लागू झाला. नोंदणी ऑनलाइन झाली. पण माझ्या मामाला परत फिरवणारी गोष्ट कुठल्याच नोंदवहीत बसत नाही.

आता फोनची बाजूही मांडतो. नाहीतर हे सगळं ‘आमच्या काळी’ छाप रडगाणं होईल, आणि माझा काळ तर आत्ताचाच आहे.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला दुपारी कोसळला. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनाच्या दिवशी, पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं होतं. नऊ महिनेही झाले नव्हते. कोसळल्याची बातमी मला फोननेच दिली. मी मीटिंगमध्ये होतो, फोन थरथरत राहिला, तासाभरात दीडशेवर मेसेज. फोटो, व्हिडिओ, शिव्या, रडणारे इमोजी. कुठल्याच पेपरला हा वेग शक्य नव्हता आणि कुणी लपवायचं म्हटलं असतं तरी ते लपलं नसतं. याचं श्रेय फोनला द्यायलाच हवं.

पण संध्याकाळपर्यंत त्या दीडशे मेसेजांतून मला कळलं काय? पुतळा पडला, एवढंच. मुख्यमंत्र्यांनी ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याचं कारण सांगितलं, त्यावर मीम्स आले. मग बातम्यांतून एक पत्र बाहेर आलं. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मालवणमधल्या सहायक अभियंत्याने २० ऑगस्टला, म्हणजे सहाच दिवस आधी, नौदलाच्या अधिकाऱ्याला लिहिलेलं. पुतळ्याचे नटबोल्ट पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने गंजलेत, असं त्यात होतं. त्या एका कागदाने अख्ख्या चर्चेची दिशा बदलली. वाऱ्याचा विषय मागे पडला. कुणाला कधी माहीत होतं आणि त्यांनी काय केलं, हा प्रश्न पुढे आला.

पडलेला पुतळा कॅमेऱ्यात येतो. गंज चढत असतो तेव्हा कॅमेऱ्यात काही येत नाही. त्या आठ-नऊ महिन्यांत माझ्या फोनवर राजकोटचे शेकडो सेल्फी आले, ड्रोनने काढलेले सूर्यास्त आले. गंजाबद्दल एक ओळ आली नाही. गंज दिसायला कुणीतरी तिथे पुन्हा पुन्हा जावं लागतं, ऑफिसात बसलेल्या माणसाशी ओळख ठेवावी लागते, आवक-जावक रजिस्टरात काय चढलंय ते विचारावं लागतं. आणि इथे पेपरांनाही सूट देता येत नाही. ते पत्र लोकांसमोर आलं ते पुतळा पडल्यावर, आधी नाही.

का नाही, हे शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. घरापासून दहा मिनिटांवर चहाच्या टपरीवर माझ्या ओळखीचे एक वार्ताहर भेटतात. मी त्यांना दादा म्हणतो. वीसेक वर्षं बातमीदारी करतायत. त्यांना विचारलं, दिवस कसा जातो? म्हणाले, सकाळी फोनवर जिल्ह्यातल्या ऑफिसांच्या प्रेसनोट येतात. त्या जशाच्या तशा टाकल्या की पान निम्मं भरतं. मग एखादं उद्घाटन, एखादं निवेदन, अपघात झाला तर अपघात. “आणि ऑफिसात जाऊन काही शोधायचं?” मी विचारलं. ते हसले. “बातमीचं मानधन मिळतं त्यात पेट्रोल निघत नाही. पैसे जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाच्या पुरवणीला एवढ्या एवढ्याच्या जाहिराती आणायच्याच. सकाळी ज्याच्याकडून वाढदिवसाची जाहिरात घेतली, त्याला दुपारी रस्त्याच्या डांबराबद्दल कसा विचारू?”

आमच्याकडचा कुठलाही पेपर उघडा. पान पान वाढदिवसाच्या शुभेच्छा, नेत्यांचे फोटो, त्याखाली शुभेच्छुकांची रांग. मी त्यावर हसायचो. आता कळतं की उरलेल्या पानाचा खर्च त्या रांगेतून निघतो. कारण दुसरे पैसे गेले कुठे, हे मला चांगलं माहीत आहे. घर भाड्याने देणे, गाडी विकणे, स्थळ पाहिजे, क्लासची जाहिरात, हे सगळं जे छोट्या जाहिरातींत होतं ते फोनवर आलं आणि त्याचे पैसे मोठ्या प्लॅटफॉर्मांकडे गेले. २०२० मध्ये दुसरा फटका बसला. लॉकडाऊन लागलं आणि एप्रिलमध्ये तर राज्य सरकारने घरोघरी पेपर टाकायलाच काही दिवस मनाई केली. त्या काळात आमच्याकडे पेपर बंद झाला, आणि परत सुरू करायचं कुणाला सुचलंच नाही. बाबांनी दीड वर्षाने स्वतः जाऊन सांगितलं तेव्हा सुरू झाला. किती घरांत ते सांगणारं कुणी नसेल.

दादा निघताना म्हणाले, “तू जे फुकट वाचतोस ना, ते मी उधारीवर लिहितो.”

हे आपल्याकडेच आहे असं नाही. कॅनडाने २०२३ मध्ये कायदा केला की बातम्यांचा वापर करणाऱ्या बड्या प्लॅटफॉर्मांनी वृत्तसंस्थांना पैसे द्यावेत. फेसबुकच्या मालक कंपनीने पैसे देण्याऐवजी ऑगस्टपासून तिथे बातम्याच दाखवणं बंद केलं. त्याच महिन्यात उत्तरेकडच्या यलोनाइफ शहराकडे वणवा सरकत आला आणि जवळजवळ वीस हजार माणसांना घरं सोडून निघावं लागलं. रस्ते कुठले चालू आहेत या बातमीची लिंक फेसबुकवर टाकता येत नव्हती. लोक स्क्रीनशॉट काढून टाकत होते. वाचताना मला आमचा पूल आठवला. इथे खोटी बातमी सहज गेली, तिथे खरी अडली.

माझ्या कामाशी याचा संबंध आहे तो असा. आमच्या डॅशबोर्डवर प्रत्येक नोटिफिकेशनची नोंद असते. किती जणांना गेलं, किती जणांनी उघडलं, किती सेकंदात उघडलं. दोन मथळे बनवून अर्ध्या लोकांना एक, अर्ध्यांना दुसरा पाठवतो, ज्याच्यावर जास्त बोटं पडली तो जिंकला. ‘उघडलं’ याला डेटाबेसमध्ये कॉलम आहे. ‘खरं निघालं’ याला नाही. मी बातम्यांच्या अॅपवर काम करत नाही, पण यंत्र सगळीकडे हेच आहे. ज्याला कॉलम नाही त्याच्यासाठी कोड लिहिला जात नाही. त्या सकाळी मी ग्रुपवर जे केलं तेही या यंत्रासारखंच होतं. मिळालं, थरथरलो, पुढे ढकललं.

यावर कुणी म्हणेल, नाव छापलं म्हणजे माणूस खरं बोलतो असं थोडंच आहे? बरोबर. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं कौतुक करणारे, जवळजवळ शब्दशः सारखे लेख राज्यातल्या प्रतिस्पर्धी दैनिकांत बातमी म्हणून छापून आले. पी. साईनाथ यांनी ते ‘द हिंदू’मध्ये उघड केलं. पुढे प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पेड न्यूजवर अहवालही केला. हे सगळे प्रिंट लाइन असलेले पेपर होते. पण हे पकडलं कसं गेलं ते बघा. छापलेली पानं होती. ती शेजारी शेजारी ठेवता आली. ज्याने छापलं त्याला ‘मी नव्हेच’ म्हणता आलं नाही. प्रिंट लाइन सत्याची हमी देत नाही. ती पुरावा आणि पत्ता देते. खोटं सांगणाऱ्याला पळायला जागा कमी उरते.

उलट परवा मला आमच्या भागातल्या एका जुन्या बातमीची गरज पडली. चार-पाच वर्षांपूर्वी एका स्थानिक पोर्टलवर वाचलेली. लिंक उघडली तर वेबसाइटच गायब. डोमेनचं भाडं कुणी भरलं नसणार. बातमीही गेली, तिच्यातली चूक-बरोबरही गेली.

आणि पत्ता देण्याची किंमत काय असते, ते आमच्या शेजारच्या जिल्ह्यात दिसलं. राजापूरला शशिकांत वारिशे ‘महानगरी टाइम्स’साठी लिहायचे, बारसूच्या रिफायनरीबद्दल. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यांची बातमी छापून आली. त्याच दिवशी एका गाडीने त्यांच्या दुचाकीला चिरडलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविषयी बातमी होती त्याच माणसाने हे केल्याचा आरोप आहे आणि त्याला अटक झाली. महाराष्ट्र विधिमंडळाने पत्रकारांच्या संरक्षणाचा कायदा २०१७ सालीच मंजूर केला होता. वारिशे गेले तेव्हा दोन दिवस माझ्या सगळ्या ग्रुप्सवर मेणबत्त्यांचे फोटो होते. मीही एक टाकला. त्याआधी त्यांची एकही बातमी मी वाचली नव्हती, आणि त्यांच्या पेपरला एक रुपया दिला नव्हता.

दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन होतो. १८३२ मध्ये त्या तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं, पहिलं मराठी वृत्तपत्र. ते आमच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, म्हणून आमच्या जिल्ह्याला या दिवसाचा जरा जास्त अभिमान. हार, सत्कार, आणि ‘पत्रकारितेपुढील आव्हाने’ या विषयावर भाषण. मला त्या भाषणांत एक आकडा हवा असतो तो कधी येत नाही. ‘दर्पण’ १८४० मध्ये बंद पडलं. पुरती नऊ वर्षंही नाही. काढलं तेव्हा जांभेकर विशीत होते, माझ्याहून लहान. एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी असा तो अंक छापायचे. वाचणाऱ्यांना नवीन माध्यमाचं कौतुक होतं, पण वर्गणी भरणारे तेव्हाही मोजकेच. वाचायला सगळे, भरायला थोडे, हा रोग स्मार्टफोनने आणलेला नाही. फोनने फक्त आपली लाज घालवली.

मग करायचं काय? मला मोठे उपाय येत नाहीत, लहान सांगतो. आमच्या जिल्ह्यात आज डझनावारी पोर्टल, यूट्यूब चॅनल, ब्रेकिंगचे ग्रुप आहेत आणि त्यांतले काही जण मनापासून काम करतात. त्यांनी प्रत्येक बातमीखाली ती एक ओळ लिहावी. नाव, गाव, नंबर. चुकलं तर ज्या ग्रुपवर चूक टाकली त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाकावी, तेवढ्याच ठळक अक्षरात. पेपरांनी जाहिरात आणि बातमी यांच्यामध्ये जाड रेघ ओढावी आणि वार्ताहराला पेट्रोलपुरते तरी पैसे द्यावेत. आणि आपण, जे रिचार्जला, ओटीटीला, रात्रीच्या पार्सलला न विचारता पैसे देतो, त्यांनी महिन्याला एका तरी बातमीदाराचे पैसे भरावेत. गंज बघायला जाणाऱ्या माणसाचा पगार वाऱ्यावर निघत नाही.

मी काय केलं, तेही सांगतो. त्या आठवड्यात मी ज्या ग्रुपवरून व्हिडिओ उचलला होता तिथे परत गेलो. सव्वाशे माणसांचा ग्रुप. लिहिलं की हा व्हिडिओ जुना आहे, पूल चालू होता, मी खात्री न करता पुढे पाठवला आणि माझ्या घरच्या माणसाला त्याचा त्रास झाला. तीन अंगठे आले. एकाने लिहिलं, “सावध राहिलेलं बरं.” मग कुणीतरी पुढचा व्हिडिओ टाकला.

माझ्या मेसेजखाली मी नाव लिहिलं होतं, ओरोस लिहिलं होतं, आणि फोन नंबर. नंबर सगळ्यांना तिथेच दिसत होता. तरी लिहिला.

आता फॅमिली ग्रुपवर काही आलं की मामा पलंगावर पडल्या पडल्या एकच मेसेज टाकतो. चुलतभावंडं वैतागतात, पण निम्म्या वेळा टाकणारा गुपचूप डिलीट करतो.

“खाली नाव आसा काय कोणाचा?”